कुत्र्याचा वाण आणि गुण
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पिल्लू आणण्याचे बेत ठरतात. त्यामुळे या महिन्याच्या टपालात गोचीड, खरूज आणि लसीकरण हे नेहमीचे विषय मागे पडले आणि कुत्र्यांच्या जातींविषयीचीच पत्रे अधिक आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत घराला कुलूप असते, मुलगा शाळेतून परस्पर पाळणाघरात जातो. त्याचे वय नऊ वर्षे असून त्याला बीगल हवा आहे. माझ्या पतींना लॅब्रॅडॉर आवडतो. दोन्ही जाती मुलांशी प्रेमाने वागतात असे ऐकले आहे. सातव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये यांपैकी कोणती जात सोपी जाईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. मुलाने कान ओढला तर गुरगुरण्याऐवजी उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणारे लॅब्रॅडॉर मी रोज पाहतो, आणि बीगलही स्वभावाने तसाच खेळकर असतो. मात्र कोणतीही जात निवडताना तिच्या पूर्वजांकडून माणसाने कोणते काम करून घेतले, हे आधी विचारावे, कारण आपल्याला जे आवडते आणि पुढे ज्याचा त्रास होतो ते बहुधा त्या एकाच कामातून आलेले असते.

बीगल ही इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी तयार झालेली जात आहे. हे कुत्रे टोळीने वास काढत पुढे धावत आणि शिकारी पायी मागून येत. कुत्रे झाडीत दिसेनासे झाले तरी त्यांचा ठावठिकाणा कळावा म्हणून मोठ्याने हेल काढणारे कुत्रेच पैदाशीसाठी निवडले गेले. टोळीत राहण्याची सवय असल्यामुळे बीगल पाहुण्यांशी, मुलांशी आणि दुसऱ्या कुत्र्यांशी चटकन जमवून घेतो. त्याच सवयीमुळे त्याला एकटेपणा सोसत नाही, आणि एकटा राहिला की तो पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला तो हेल काढतो, जो आपल्या सातव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत व्यवस्थित पोहोचेल. नाकाचेही तसेच आहे. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातील फळे आणि मांस हुडकण्यासाठी बीगल वापरले जातात. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी हापूस घेऊन गेलेल्या काही आईवडिलांची या जातीशी पहिली ओळख तिथेच झाली असेल. हेच नाक एकदा का वासाला लागले की मागून मारलेली हाक त्याच्या कानापर्यंत जातच नाही. म्हणून मोकळ्या जागी त्याचा पट्टा सोडू नये आणि कचऱ्याचा डबा झाकणाचाच असावा.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत ही गोष्ट चक्क जनुकात सापडली आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की पीओएमसी या जनुकाचा एक छोटा तुकडा सुमारे चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची भूक व वजन इतरांपेक्षा अधिक असते. गंमत पुढेच आहे. अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी शिकवलेल्या लॅब्रॅडॉरांची तपासणी केली तेव्हा त्यांतील ७६ टक्के कुत्र्यांत हा तुकडा नव्हता. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा खाऊच्या आशेने पटापट शिकतो, आणि तोच कुत्रा घरात येता-जाता सर्वांपुढे जन्माचा उपाशी असल्यासारखा चेहरा करून बसतो. माझ्या दवाखान्यातील काट्यावर एकदा सेहेचाळीस किलोचा लॅब्रॅडॉर उभा राहिला होता. मालकांनी शपथेवर सांगितले की जेवणाव्यतिरिक्त त्याला रोज फक्त एक पोळी दिली जाते. सोबत आलेल्या त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "ती मी देते." मग सूनबाईंनी आणि दोन्ही मुलांनीही तेच सांगितले. त्या चार पोळ्यांचा भार कुत्र्याच्या खुब्यांवर पडत होता, कारण या जातीत खुब्याचा सांधा मुळातच सैल असण्याचा दोष पुष्कळ आढळतो.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. साडेदहा तास घर बंद असेल तर यांपैकी कोणतीच जात सोपी जाणार नाही, आणि दोन महिन्यांचे पिल्लू तर मुळीच आणू नये, कारण त्याला दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे लागते. दुपारी घरी येऊन त्याला फिरवणारे विश्वासू माणूस मिळत असेल, तर तीन-चार वर्षांचा, ज्याचे बालपणीचे उद्योग सरले आहेत असा, कोणी घर शोधत असलेला लॅब्रॅडॉर घ्यावा. तसे माणूस मिळत नसेल तर मुलाची नाराजी पत्करून दोन वर्षे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या चिरंजीवांनी सायबेरियन हस्कीचे पिल्लू आणले. ते आता सात महिन्यांचे आहे. दिवसभर एसी चालू ठेवतो, तरी ते दारे खरवडते आणि संधी मिळताच पळून जाते. उन्हाळ्यात त्याचे केस बारीक कापावेत असा सल्ला मिळाला आहे. कापावेत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : केस मुळीच कापू नयेत. हस्कीच्या अंगावर दोन थर असतात. आतली मऊ लोकर आणि वरचे राठ केस मिळून थंडीप्रमाणे उन्हापासूनही काही प्रमाणात संरक्षण करतात. मशीन फिरवल्यास कातडी उन्हात उघडी पडते आणि वरचा थर पुन्हा पूर्ववत येईलच असे नाही. त्याऐवजी आतली सुटलेली लोकर रोज विंचरून काढावी.

एसीने त्याचे शरीर गार राहील, परंतु दारे खरवडण्याचे कारण उकाडा नसून रिकामपण आहे. सायबेरियातील चुकची लोकांनी हा कुत्रा कमी अन्नावर, बर्फातून, हलकी घसरगाडी घेऊन दूरवर धावण्यासाठी वाढवला. १९२५ साली अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी एक हजार किलोमीटरहून अधिक अंतर टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत पार करून औषध पोहोचवले, आणि त्यानंतर हस्कीचे नाव सर्वत्र झाले. अशा प्राण्याला दिवाणखान्यात बसवून ठेवले तर तो दार खरवडणारच. पळून जाण्यात रुसवा किंवा बेइमानी नाही. पुढे रस्ता दिसला की धावायचे, एवढेच त्याच्या रक्तात आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या दिवसांत त्याला पहाटे पाचच्या आत बाहेर काढावे आणि सूर्य वर येण्यापूर्वी परत आणावे. संध्याकाळी निघण्याआधी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहावी; पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. दुपारच्या वेळी खाद्य बर्फात गोठवून द्यावे, म्हणजे तासभर तो कामात राहतो. खरे सांगायचे तर ही जात विदर्भासाठी नव्हे, आणि विकणाऱ्याने ते सांगायला हवे होते. आता पिल्लू घरात आहे, तेव्हा एवढे करणे ओघाने आलेच.

प्रश्न : गावाकडे आजोबांजवळ नेहमी कारवानी कुत्री असत. मला पुण्यात बंगल्याच्या आवारात कारवानी पाळायचा आहे, पण मित्र म्हणतात की हे कुत्रे शहरात राहत नाहीत आणि माणसाळतही नाहीत. शिवाय आजोबांची कुत्री हाडकुळी दिसत. ती आजारी होती का? (एक वाचक, मूळ जिल्हा सोलापूर)

उत्तर : हे पत्र वाचून आनंद झाला, कारण आपल्या मातीतील जातीविषयी विचारणारे वाचक थोडे असतात. सोलापूर, मराठवाडा आणि लगतच्या कर्नाटकात जो कारवानी म्हणून ओळखला जातो, तोच मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. कान-शेपटीला लांब झुपकेदार केस असलेल्यास पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीला आश्रय दिला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्र्यासोबत मुधोळलाही स्थान मिळाले.

आजोबांची कुत्री आजारी नव्हती. हा कुत्रा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करतो. खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय आणि अंगावर चरबीचा जवळजवळ अभाव, हा धावण्यासाठी घडलेला बांधा आहे. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडे दिसणे त्याच्यात निरोगीपणाचे लक्षण मानावे. शेजारी मात्र "कुत्र्याला उपाशी ठेवता का?" असे विचारतील, आणि ते ऐकून त्याला गुबगुबीत करण्याचा मोह आपण टाळावा. केवळ भाकरी-ताकावर त्याला ठेवणे मात्र योग्य नाही. अंडी, मांस किंवा मासे यांतून प्रथिने मिळायला हवीत.

माणसाळत नाही, हा आरोप अर्धवट आहे. लॅब्रॅडॉर जसा दारी आलेल्या कुरिअरवाल्याचेही स्वागत करतो, तसे कारवानी कधीच करणार नाही. तो घरच्या माणसांना धरून असतो, परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही, आणि त्याला मारून शिकवू गेल्यास तो कायमचा बिथरतो. शिकारीत समोर पळणाऱ्या सशामागे कोणत्या बाजूने वळायचे हे मालकाला विचारायला त्याला वेळ नसे, म्हणून स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची वृत्ती त्याच्यात पक्की झाली. आज तिलाच आपण हट्टीपणा म्हणतो. मी पाहिलेला एक कारवानी दुपारभर ओसरीवर पाय ताणून असा झोपलेला असे की दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय तो जिवंत आहे याची खात्री पटू नये. समोरच्या रानात मांजर हलले की पाणी पिऊन भांडे खाली ठेवेपर्यंत तो कुंपणापलीकडे गेलेला असे.

म्हणून बंगल्याचे कुंपण निदान सहा फूट उंच हवे आणि फाटकाखाली फट नको. दिवसातून एकदा बंदिस्त मैदानात त्याला मनसोक्त धावू द्यावे. तेवढे मिळाले तर तो घरात फारच शांत असतो, बीगलपेक्षा कितीतरी अधिक. दिवसभर साखळीला बांधायचे असेल तर पाळू नये. आवारात कोंबड्या किंवा मांजर असल्यास दोन वेळा विचार करावा. आणखी एक सूचना : नजरेने शिकार करणाऱ्या सडसडीत जातींत भुलीची काही औषधे उतरायला वेळ लागतो. नसबंदी किंवा कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी कुत्रा कारवानी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : आमचा पग इतका घोरतो की पाहुणे हसतात. हल्ली तो बसल्या बसल्या, मान वर करून झोपतो. वय चार वर्षे. हे त्या जातीत चालायचेच का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चालायचे नाही. मान वर करून झोपणे याचा अर्थ आडवे झाल्यावर त्याला श्वास मिळत नाही. पगचा चेहरा आपल्याला लहान बाळासारखा वाटावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपटा केला गेला; नाकपुड्या अरुंद झाल्या, पण टाळूचे मांस तेवढेच राहिले आणि ते घशात लोंबू लागले. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने ही जात आपल्याकडे घरोघर पोहोचवली, तेव्हा ही बाजू कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. नेदरलँड्समध्ये अतिचपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर आता कायद्याने निर्बंध आहेत.

याच आठवड्यात त्याला तपासून घ्यावे. नाकपुड्या रुंद करणे व टाळूचा वाढीव भाग काढणे या शस्त्रक्रियांनी पुष्कळ आराम पडतो. तोपर्यंत गळपट्टा काढून छातीचा पट्टा वापरावा, वजन वाढले असल्यास उतरवावे आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याला दुपारी मुळीच पळवू नये. हिरड्या निळसर दिसल्या तर वाट न पाहता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

प्रश्न : सोसायटीच्या वाहनतळात एका गावठी कुत्रीने पिल्ले दिली असून त्यांतले एक आम्ही घ्यावे असे वाटते. पण सासूबाई म्हणतात की जातिवंत कुत्र्याच्या स्वभावाची खात्री असते, गावठीची नसते, आणि कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. त्यांचे म्हणणे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या विषयावर २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी मालकांकडून माहिती घेतली आणि त्यांतील सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुके तपासली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यापैकी फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. सांगितलेले ऐकण्याच्या वृत्तीवर जातीचा प्रभाव त्यातल्या त्यात अधिक दिसला. पटकन चिडून अंगावर येण्याच्या वृत्तीवर तो फारच कमी होता. वर बीगलच्या आणि हस्कीच्या सवयींविषयी मी जे लिहिले ते म्हणूनच कल म्हणून वाचावे. आळशी हस्की आणि खाण्याकडे पाठ फिरवणारा लॅब्रॅडॉर मलाही भेटले आहेत.

वाहनतळातील पिल्लाबाबत आपल्याला एक मोठी सोय आहे, जी दुकानातून पिल्लू घेणाऱ्यांना सहसा मिळत नाही : त्याची आई समोर आहे. ती रहिवाशांजवळ शेपूट हलवत येते की पिल्लांजवळ कोणी फिरकले तर दात दाखवते, हे आठ-दहा दिवस पाहावे. पिल्लू आठ आठवडे आईजवळच राहू द्यावे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. त्यामुळे घरी आणल्यावर मिक्सर, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस आणि खुद्द सासूबाई यांची ओळख त्याला खाऊ देत देत करून द्यावी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि महापालिकेचा परवाना, एवढे विसरू नये.

गावठी कुत्र्याची कातडी काटक असते आणि आपल्या हवेचा त्याला त्रास होत नाही. मात्र तो अनेक पिढ्या रस्त्यावर स्वतःची हद्द सांभाळत जगला असल्यामुळे जिन्यात पाऊल वाजले तरी भुंकतो, आणि गोचिडांच्या तापापासून तोही सुटत नाही. शेपटीपुरते सासूबाईंचे बरोबर आहे. ती पाठीवर वळलेलीच राहील.