निवड नाकारली म्हणून रिट? आधी नियमावली वाचा
वकीलसाहेब, पक्षकाराचा चित्रपट महोत्सवात घेतला नाही, एवढ्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालील रिट, म्हणजे सार्वजनिक यंत्रणेविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका, टिकत नाही. न्यायालय ज्युरीच्या अभिरुचीवर अपील ऐकत नसते, नियम मोडले का, परीक्षकांत कुणाचा हितसंबंध होता का, हे तपासते. महोत्सव निव्वळ खासगी असेल, तर रिटचा नाद सोडलेला बरा. अंतिम निकालाआधीच्या अंतरिम आदेशासाठी सकृद्दर्शनी प्रकरण (प्रथमदर्शनी बाजूत दम), सोयीचा समतोल (आदेशाअभावी कुणाची गैरसोय जास्त) आणि भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते, पण खरी अडचण तारखांची असते. 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) ज्युरीने निवडलेला मल्याळम चित्रपट केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला; केरळ उच्च न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला, तरी महोत्सव संपेपर्यंत तो पडद्यावर आला नाही. म्हणून नकाराचा ई-मेल येताच, त्यावरील वेळ दिसेल अशी प्रत आणि नियमावली घेऊन सोलापुरातून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचची (तिथे बसणाऱ्या खंडपीठाची) गाडी धरा. आता मुंबई गाठावी लागत नाही, हे आपले नशीब.