कुत्रं मध्यरात्री कोपऱ्याकडे बघून गुरगुरतं : पितर, उंदीर की आजार?

प्रश्न थोडक्यात असा आहे : इंदूरला राजवाड्याच्या मागे जुनं घर, १० वर्षांचा लॅब्राडोर. पितृपक्षापासून तो रात्री अडीच-तीनला उठतो, जिन्याखालच्या कोपऱ्याकडे टक लावून गुरगुरतो. त्याच सुमारास गल्लीतली कुत्री रडायला लागतात. सासूबाई म्हणतात पितर अडकलेत, शांत करून घ्या. नवरा म्हणतो म्हातारपण आहे. कोणाचं खरं?

दोघांचंही निम्मं खरं असू शकतं. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे : कुत्र्याला असं काहीतरी कळतंय जे तुम्हाला कळत नाही. फक्त ते ‘काहीतरी’ काय, हे ठरवण्याआधी एक गोष्ट शोधायची. भानगड जागेची आहे की कुत्र्याची?

त्यासाठी सलग तीन रात्री त्याला दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपवा. अंथरूण तेच, पाण्याचं भांडं तेच, घरातलं एक माणूस सोबत. तिथे तो शांत झोपला तर कोपरा तपासायचा. तिथेही तो अडीचला उठून दुसऱ्याच भिंतीकडे बघू लागला तर कोपरा निर्दोष आहे, कुत्रा तपासायचा. एका रात्रीवर निकाल देऊ नका, पहिली रात्र नव्या जागेच्या अस्वस्थपणातच जाते.

आधी जागेचं बघू. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. उंदीर घाबरला की जवळपास २२,००० हर्ट्झवर ओरडतो. म्हणजे तुमच्या कानांच्या कुंपणाच्या जेमतेम पलीकडे, आणि कुत्र्याच्या अगदी अंगणात. जुन्या घरात जिन्याखाली घूस, उंदीर, चिचुंद्री यांतलं काही नसेल तरच नवल. खात्री करायची तर झोपण्यापूर्वी त्या कोपऱ्यात गव्हाचं पीठ चाळणीने अगदी पातळ भुरभुरवा आणि त्या रात्री कुत्र्याला तिकडे जाऊ देऊ नका. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा. उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्या पायाची पाच उमटतात, मध्ये कधीकधी शेपटीची रेघ. पिठाऐवजी रांगोळी नको, ती दगडाची भुकटी असते आणि कुत्र्याच्या नाकात जाते.

इथे लोक एक चूक हमखास करतात. उंदीर सापडला की विषाच्या वड्या टाकतात. कुत्रं वडी खातं, नाहीतर मेलेला उंदीर. रक्त न गोठू देणाऱ्या विषाचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, तोवर वडीचा कोणाला आठवही राहत नाही. झिंक फॉस्फाइडचं विष काही तासांत उलट्या आणि झटके आणतं. पिंजरा लावा आणि भोकं सिमेंटने बुजवा.

जिन्याखाली इन्व्हर्टर असेल तर तोही संशयित धरा. इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर बारीक शीळ घालतात, ती आपल्याला ऐकू येत नाही. एक रात्र ते सगळं मुख्य बटणापासून बंद ठेवून बघा. रस्त्यावरच्या गाडीचा दिवा खिडकीतून भिंतीवर फिरत असेल तर पडदा लावताच गुरगुर थांबेल.

आता गल्लीतल्या कुत्र्यांचं रडणं, आणि पितृपक्षच का. हे मला या सगळ्यातलं सर्वांत सोपं कोडं वाटतं, कारण उत्तर मराठीतच पडलेलं आहे : भाद्रपदातली कुत्री. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माज मुख्यतः पावसाळ्याच्या शेवटी येतो. सुमारे ६३ दिवसांनी पिल्लं होतात, म्हणून थंडीच्या तोंडावर गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. एक कुत्री माजावर आली की चार मोहल्ल्यांचे कुत्रे तिच्यामागे, रात्रभर भांडणं आणि हेल काढून रडणं. नेमका त्याच महिन्याचा वद्य पक्ष पितरांचा. आकाशातून पितर उतरल्याच्या रात्री आणि कुत्र्यांच्या लग्नसराईच्या रात्री एकच. तुमच्या लॅबची नसबंदी झालेली नसेल तर तो वास त्यालाही येतोच. खाणं कमी, फेऱ्या जास्त, दारापाशी कण्हणं हे त्याबरोबर दिसेल. हा भाग महिन्या-दोन महिन्यांत आपोआप ओसरतो.

अमावास्येला रडणं वाढतं म्हणतात, त्यालाही कारण आहे. त्या रात्री तिठ्यावर उतारा ठेवतात : भात, दही, अंडं, नारळ, लिंबू, मिरच्या. कुत्र्यांना भात-अंड्याचा वास येतो, तिथे दोन टोळ्यांच्या हद्दी मिळतात आणि जुंपते. एखादं कुत्रं उताऱ्याला तोंड न लावता मागे सरलं की ‘बघा, त्याला दिसलं’. त्याला लिंबू आणि मिरची दिसली, म्हणजे हुंगली. आणि इंदूरच्या सराफा बाजाराच्या, म्हणजे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात त्या बाजाराच्या, इतक्या जवळ राहता, तर खाण्याच्या गाड्या रात्री उशिरा उठल्यावर सांडलंलवंडलं चाटायला किती कुत्री जमतात ते गच्चीवरून एकदा बघा. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज खाली वाकून लांबवर जातो, त्यामुळे दोन गल्ल्यांपलीकडचं रडणं दाराशी असल्यासारखं वाटतं.

कुत्रं रडलं आणि माणूस गेला, या समजुतीतही थोडं तथ्य मिसळलेलं आहे. ज्या घरात कोणी अत्यवस्थ असतं तिथे रात्रभर दिवे असतात, माणसांची ये-जा असते, आणि रुग्णवाहिका येते. तिचा सायरन लांबट, चढउतार करणारा असतो, कुत्र्याच्या हेल काढण्याशी जुळणारा. कुत्री त्याला साद देतात, तशीच शंखाला आणि आरतीला देतात. क्रम उलटा वाचला जातो, एवढंच. शिवाय कुत्रं रडलं आणि कोणी गेलं नाही, अशा रात्री कोणी मोजत नाही. घरात वाद असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रडण्याच्या रात्री खूण करा. महिनाभरात वाद मिटतो किंवा निदान नवा विषय मिळतो.

सासूबाईंशी बोलताना परंपरेला नावं ठेवू नका, ती तुमच्याच बाजूची आहे. ऋग्वेदात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत हे खरं. काळ्या-तांबूस कुत्र्याच्या भुवयांवर जे दोन ठिपके असतात त्यांवरून ‘चार डोळ्यांचा’ म्हटलं असावं, असा एक अर्थ अभ्यासक लावतात. पण त्याच परंपरेत दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चाललेला कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, आणि होळकरांच्या कुलदैवताबरोबर, मल्हारी मार्तंडाबरोबर, कुत्रा असतोच. शकुनांचं म्हणाल तर आपल्या शेजारच्या उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत कुत्र्यांच्या चाळ्यांवर अख्खा अध्याय लिहिला आहे. सूर्योदयाला गावाच्या मध्यभागी सूर्याकडे तोंड करून कुत्री ओरडली तर लवकरच राजा बदलतो, असं त्यात आहे. आता निवडणुका पाच वर्षांनी येतात, कुत्री रोज सकाळी ओरडतात.

निघताना कुत्र्याने कान फडफडवले तर काम होत नाही, हा शकुन इंदूरकडे फार चालतो. कामाचं माहीत नाही, कुत्र्याचा कान मात्र बघा. आंबट वास आणि तपकिरी चिकट मळ म्हणजे बहुधा बुरशी, पावसाळ्यात लॅबला हमखास. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ म्हणजे कानातले किडे. अचानक एकाच बाजूने डोकं झटकायला लागला तर गवताचं कुसळ आत गेलेलं असू शकतं. कापसाच्या काड्या आत घालू नका, मळ आणखी आत जातो. कानाचा पडदा फाटलेला असेल तर घरातलं कुठलंही औषध कानात घालणं घातक ठरतं.

आता भानगड कुत्र्याची निघाली तर. दहाव्या वर्षी पहिला संशय दृष्टीवर. त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून कापसाचा बोळा सोडा. कापसाला आवाज नाही, वारा नाही, नजर खाली गेली नाही तर दिसणं कमी झालंय. नुसता हात हलवून केलेली परीक्षा फसवी असते, त्याला झुळूक कळते. कमी दिसणारं कुत्रं अंधारात सावलीवर गुरगुरतं, आणि शून्याचा दिवा लावला की निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा संशय म्हातारपणच्या विस्मरणावर, माणसांतल्यासारखाच. खुणा ठरलेल्या आहेत : दिवसा झोप आणि रात्री फेऱ्या, कोपऱ्यात शिरून बाहेर पडायचं न सुचणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडण्याची वाट बघणं, शिकलेली शू-शी घरात होणं. यावर संध्याकाळी उजेडात फेरी, रात्री अकराला शेवटची शू, घसरत्या फरशीवर सतरंजी आणि सामानाची जागा न बदलणं याने फरक पडतो. औषधंही आहेत, पण डॉक्टर आधी मूत्रपिंड, थायरॉइड, लघवीचा संसर्ग आणि सांधेदुखी तपासतील. दुखणारं कुत्रंही रात्रीच जागतं.

पण भिंतीकडे बघणं वेगळं आणि भिंतीला डोकं दाबून उभं राहणं वेगळं. दुसरं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, यकृत किंवा मेंदूचा मोठा बिघाड असू शकतो. हवेतल्या नसलेल्या माशा पकडत असेल आणि हाक मारूनही भानावर येत नसेल तर तो फिटचा छोटा झटका असू शकतो, कधी पोटाचा विकारही निघतो. मोठा झटका आला तर घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा २४ तासांत दुसरा आला तर लगेच दवाखाना. तोंडात हात नको, नाकाला कांदा-चप्पल नको. झटक्यानंतर तासभर कुत्रं घरच्यांना ओळखत नाही, भिंतींवर आपटतं. ‘अंगात आलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

एका बाबतीत मात्र मी गंमत करणार नाही. गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याचा आवाज घोगरा, फाटका झाला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, ते माती-लाकूड चावत असेल, तर ती भूतबाधा नव्हे, रेबीजचा संशय आहे. घशात हाड अडकलंय समजून लोक तोंडात हात घालतात, तीच सर्वांत मोठी चूक. चावा किंवा नखाचा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. स्नायूत देण्याची लस ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी असते, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. झाडफुकीत गेलेला दिवस परत मिळत नाही, कारण माणसात लक्षणं सुरू झाली की जवळपास कोणी वाचत नाही. तुमच्या लॅबची वार्षिक लस कधी झाली तेही आजच कार्डावर बघून ठेवा.

शांत करायचीच असेल तर करा, त्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही, फक्त धूप-गुग्गुळाच्या खोलीत त्याला बसवू नका. श्राद्धाच्या पानातला कुत्र्याचा घास म्हणून बेदाणे घातलेली खीर किंवा कांद्याची भजी देऊ नका, दोन्ही त्याला विषारी आहेत. साधा भात आणि पोळी पुरे. आणि तीन रात्रींच्या प्रयोगानंतरही गुरगुर राहिली तर मोबाइलवर तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. तोंड आणि मागचे पाय दोन्ही दिसले पाहिजेत, आणि मध्ये एकदा त्याचं नाव घेऊन हाक मारा. हाकेला मान वळते की नाही, हेच डॉक्टर सर्वांत आधी बघतील. जवळच्या दवाखान्यात निदान अडलं तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून २५ किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघा, आणि रक्ततपासणी सांगितली तर उपाशीपोटी न्यायचं का ते आधी विचारून घ्या.