अभंगाचं कॉमिक करताना प्रत्येक ओळीला एक चित्र काढावं का?
नको. तसं केलं की अभंग पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा दिसतो.

जनाबाईचं ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ घ्या. चार-पाच चौकटी नुसतं जातंच दाखवा: जात्यात दाण्यांची वैरण घालणारी मूठ, खुंट्यावर बांगड्यांचा हात, भोवती साचत चाललेलं पीठ. मग त्याच खुंट्यावर दुसरा, सावळा हात. चेहरा, मुकुट, प्रभावळ काही नको (कॅलेंडरवर रोज दिसतोच की विठोबा!). धृपदाला तीच चौकट परत, फक्त पीठ वाढलेलं.

अक्षरं चित्रात कोंबू नका. हिमाचलातल्या गुलेरच्या माणकू या चित्रकाराने १७३०मध्ये जयदेवाचं ‘गीतगोविंद’ हे संस्कृत काव्य रंगवलं, त्यात श्लोक चित्राच्या पाठीमागे लिहिलेले आहेत. वाचायचं तर पान उलटायचं.