स्मिथसारखं व्हायचंय, तर एनडीए की ओटीए?

तुमच्या पत्राचा सारांश असा: मुलगा बारावी विज्ञानला आहे. फेडेक्सचे संस्थापक फ्रेड स्मिथ जून २०२५ मध्ये वारले, तेव्हापासून तो त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. व्हिएतनामच्या लढाईत जखमी झालेला तरुण पुढे जगभर माल पोचवणारी कंपनी उभी करतो, हे त्याच्या मनात पक्कं बसलंय. त्यालाही आधी लष्करात अधिकारी व्हायचंय आणि तिशीनंतर आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या धंद्यात उतरायचंय. एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लावलाय. बारावीच्या अभ्यासाकडे मात्र पाठ, कारण ‘स्मिथलाही सी ग्रेडच मिळाली होती’. हे खूळ मोडून काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. फक्त त्याने वाचलेली गोष्ट अर्धी आहे, ती पुरी करून द्या.

आधी ती सी ग्रेड. रातोरात माल पोचवण्याच्या कल्पनेवर स्मिथ यांनी येल विद्यापीठात अर्थशास्त्राच्या वर्गासाठी एक निबंध लिहिला, हे खरं. त्याला किती ग्रेड मिळाली ते आपल्याला आठवत नाही, असं ते स्वतःच सांगत. बाकीचं लोकांनी रंगवलं. शिवाय १९६६ मध्ये पदवी पूर्ण करूनच ते मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात गेले. आणि पैशाचा भाग मुलं नेमका वगळतात. वारशातले सुमारे ४० लाख डॉलर हाताशी होते, त्यावर बाहेरच्या गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर आले. लास वेगासला जुगारात जिंकलेल्या २७ हजार डॉलरमधून इंधनाचं बिल भागवल्याची गोष्ट त्याने वाचली असणारच. त्या पैशाने जेमतेम काही दिवस निघाले, कंपनी तगली ती गुंतवणूकदारांच्या पैशावर.

जखमेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. स्मिथ यांना दोन ‘पर्पल हार्ट’ मिळाली. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला हे पदक देतात. सिल्व्हर स्टार आणि ब्राँझ स्टार ही शौर्यपदकं वेगळी. पण त्यांच्या धंद्याला उपयोगी पडलं ते दुसरंच. एका फेरीत त्यांनी पायदळाची तुकडी सांभाळली, पुढे विमानातून हवाई माऱ्याला दिशा दिली. माणसं कशी हाताळायची ते पहिल्या कामात कळलं. लष्कराची रसद कशी हलते, एका जागी सामानाचे ढीग आणि दुसरीकडे खडखडाट का होतो, हेही तिथेच जवळून दिसलं. मरीन कोअरचं हे ऋण ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

१९६९ मध्ये बाहेर पडल्यावर त्यांनी लगेच कुरिअर काढलं नाही, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तपशील. आधी लिटल रॉकमधली विमान देखभालीची कंपनी ताब्यात घेतली आणि विमानांची खरेदी-विक्री केली. विमान उभं ठेवायलाही किती खर्च येतो ते तिथे समजलं. मग १९७१ मध्ये फेडरल एक्स्प्रेस, म्हणजेच फेडेक्स. विमानं निवडली छोटी, डसॉल्ट फाल्कन, कारण ७,५०० पौंडांपेक्षा जास्त भार नेणाऱ्या विमानांना तेव्हा सरकारी मार्ग-परवाना लागायचा. १७ एप्रिल १९७३ च्या पहिल्या रात्री १४ विमानांनी २५ शहरांत १८६ पाकिटं पोचवली. सगळा माल मेम्फिसला आणायचा, रात्रीत वर्गवारी करायची आणि पहाटे परत पाठवायचा. २५ शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर ३०० मार्ग लागतात, मध्ये एक केंद्र ठेवलं की २५ पुरतात. तरी नफा दिसायला १९७५ उजाडलं. १९७७ मध्ये नियम सैल झाले, तेव्हा मोठी विमानं आली. १९८९ मध्ये फ्लाइंग टायगर ही कंपनी विकत घेतली ती मुख्यतः आशियात विमानं उतरवण्याच्या हक्कांसाठी. मधल्या काळात झॅपमेल नावाची फॅक्स सेवा सपशेल आपटली. ग्राहक स्वतःचंच फॅक्स मशीन घेऊ लागले आणि १९८६ मध्ये ती बंद करावी लागली.

आता तुमच्या मुलाचा रस्ता. तिशीनंतर धंदा करायचा असेल तर एनडीए हा त्यासाठी अवघड मार्ग आहे. तिथून कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतचं अधिकारीपद, मिळतं. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारण २० वर्षं सेवा लागते, म्हणजे बाहेर पडेपर्यंत चाळिशी उलटते. त्याआधी राजीनामा मंजूर होईलच असं नाही. पदवीनंतर सीडीएस परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमीला) गेला, तर शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठराविक मुदतीच्या सेवेची, १० वर्षं होतात, हवी तर आणखी ४. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी गेलेला मुलगा तेहतिशीत मोकळा होतो. निवृत्तिवेतन नसतं, पण बाहेर पडताना पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करता येतो. आर्मी सर्व्हिस कोअर मिळाली तर रसदीचं काम थेट हातात येईल. मात्र शाखा पसंतीबरोबर गुणवत्ता आणि गरज पाहून देतात, तेव्हा तीच मिळेल असं धरून चालू नका.

एनडीए द्यायचीच असेल तर देऊ द्या. लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात, मुलाखतीला, म्हणजे एसएसबीला, ९००. बारावीचं गणित कच्चं राहिलं तर क्लास काही करू शकत नाही, हे त्याला आकड्यांत दाखवा. आणखी एक अप्रिय गोष्ट: प्रशिक्षणातच जायबंदी होऊन घरी परतणारे कॅडेट असतात आणि अधिकाऱ्याला मिळणारे लाभ त्यांना तसेच्या तसे मिळत नाहीत. तेव्हा हाताशी राहतं ते शिक्षण. फॉर्म भरण्याआधी डोळे, कान, दात, सपाट तळवे, कोपराचा कोन डॉक्टरांकडून तपासून घ्या. हे बऱ्याचदा लेखी परीक्षा पार पडल्यावर लक्षात येतं.

धंद्याचं गणित तो आत्ताच शिकू शकतो. ६० × ५० × ४० सेंमीच्या खोक्यात १० किलो माल आहे. खरं वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. कुरिअर कंपन्या घनसेंमीतल्या घनफळाला सहसा ५,००० ने भागतात, म्हणजे भाडं २४ किलोचं. विमान मालवाहतुकीत ६,००० ने भागतात, म्हणजे २० किलोचं. खोकं लहान केलं तर किती पैसे वाचतात, हे त्याला काढू द्या. वीस फुटी कंटेनरचं घनफळ सुमारे ३३ घनमीटर, प्रत्यक्षात भरतो २५ ते २८ च्या आसपास. का, ते त्याला शोधू द्या. इनकोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहारात खर्च आणि जोखीम कुणाकडे ते ठरवणाऱ्या प्रमाणित अटी, ११ आहेत. त्यातल्या निदान एफओबी आणि सीआयएफमध्ये विमा कोण काढतो एवढं कळायला हवं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद) यांतलं मालाचं वर्णन किंवा वजन जुळलं नाही की माल बंदरात अडकतो आणि माल ठेवण्याचे मोफत दिवस संपले की रोजचं शुल्क सुरू होतं. नवख्या निर्यातदाराचा नफा बऱ्याचदा तिथेच जातो.

एसएसबीत नाव नाही आलं तर? पदवीनंतर फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा) किंवा कस्टम ब्रोकर (मालाचं कस्टम्सचं काम करून देणारा) यांच्याकडे नोकरी धरावी. कस्टम्सची परीक्षा देऊन जी-कार्ड (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला कस्टम्सचं काम करू देणारं ओळखपत्र) मिळवावं, त्यावर किमान दोन वर्षं काम करावं. मग स्वतःच्या कस्टम ब्रोकर परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, म्हणजे पंचविशीच्या आसपासच तो या धंद्यात असेल.