रात्र कापली की गाण्याचं काय होतं?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की डबस्टेप (लंडनमधून आलेलं खर्जावर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) गाजलं तिथेच त्याची गंमत संपली, आणि त्या वाक्यावर एवढे मेल आलेत की गेल्या सहा महिन्यांत बाकी कशावर आले नसतील. निम्मे रागावलेले, निम्मे "अगदी मनातलं बोललात" वाले, आणि एका काकांनी "डबस्टेप म्हणजे डबिंगचा प्रकार का?" असंही विचारलंय, त्यांना माझा खास नमस्कार. तर या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला, हेच.

प्रश्न: ताई, मी कर्वेनगरचा, आयटीत आहे, वय 36. 2008 ला होस्टेलवर एका सिनिअरच्या हार्ड डिस्कवरून बरिअल, डिजिटल मिस्टिक्झ, लोफा असं सगळं सुरुवातीचं डबस्टेप हाताला लागलं आणि डोकंच फिरलं, रात्र रात्र ऐकायचो. मग 2011-12 ला बघता बघता जिममध्ये, गाडीच्या जाहिरातीत, ऑफिसच्या पार्टीत, सगळीकडे ते करवत चालवल्यासारखं व्वॉव-व्वॉव सुरू झालं आणि त्यालाच सगळे डबस्टेप म्हणायला लागले. मी ऐकणंच सोडून दिलं. बायको म्हणते तुला गाणं आवडत नव्हतं, तुला "मला आधी माहीत होतं" एवढंच मिरवायचं होतं. खरं काय समजायचं?

उत्तर: वहिनी निम्म्या बरोबर आहेत, पण उरलेलं निम्मं तुमच्या बाजूने आहे.

आधी हे गाणं आलं कुठून ते बघा. दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन, तिथे बिग ॲपल नावाचं एक रेकॉर्डचं दुकान, आणि त्या दुकानात पडीक असलेली पोरं. हॅचा तिथे काउंटरवर, स्क्रीम आणि बेंगा तर शाळेतली पोरं. 2001 पासून फॉरवर्ड नावाची क्लब नाइट सुरू झाली, ती पुढे शोरडिचच्या प्लास्टिक पीपल या क्लबात स्थिरावली. जागा छोटी, जवळपास अंधार, आणि सगळा पैसा साउंड सिस्टिमवर घातलेला. 2005 ला ब्रिक्स्टनमध्ये माला, कोकी, लोफा यांनी डीएमझेड नावाची क्लब नाइट सुरू केली, तीही एका चर्चच्या इमारतीत. त्यांच्या पत्रकावर लिहिलेलं असायचं की या आणि बेसच्या वजनावर ध्यान करा. पत्रकावरचं वाक्य म्हणून सोडून देऊ नका, कारण ते गाणं खरोखर तसंच होतं. ताल साधारण मिनिटाला 140 ठोक्यांचा, पण ढोबळ ठोका अर्ध्याच वेगाने पडतो, मधे नुसती मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत खालून एक असा खर्ज येतो जो कानाला फारसा कळतच नाही, छातीला कळतो.

आता खरी भानगड. हे गाणं लॅपटॉपवर लावा, तो खर्ज गायब. मी स्वतः पहिल्यांदा कंपनीच्या लॅपटॉपवर ऐकलं होतं आणि हसले होते, म्हटलं यात आहे काय, कुणीतरी अधूनमधून टेबल आपटतंय. नंतर मुंबईत एका छोट्याशा जागेत, भाड्याने आणलेल्या धिप्पाड सबवूफरसमोर तेच गाणं ऐकलं आणि हातातला प्लास्टिकचा ग्लास थरथरायला लागला, तेव्हा कळलं की आपण इतके दिवस अर्धंच गाणं ऐकत होतो.

पटत नसेल तर गणपतीत मोबाइलवर काढलेला ढोल-ताशाचा व्हिडिओ घरी येऊन बघा. ताशा कसा खणखणीत ऐकू येतो, आणि ढोल? लक्ष्मी रोडवर उभं असताना ज्याने पोटात धडकी भरली होती तो ढोल फोनमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा वाटतो. उद्या एखाद्या पथकाने ठरवलं की आपलं वादन लोक फोनवरच ऐकणार आहेत, तर ते काय करतील? ताशे वाढवतील. डबस्टेपचं नेमकं हेच झालं. जे काम खर्जाकडे होतं ते वरच्या पट्टीतल्या त्या करवतीकडे आलं, कारण करवत फोनवर ऐकू येते, गाडीत ऐकू येते, पन्नास हजारांच्या मैदानात उघड्यावरही ऐकू येते. मधली मोकळी जागा गेली, कारण मैदानात मोकळी जागा म्हणजे लोकांना वाटतं लाइट गेले.

आणि हो, "अमेरिकनांनी बिघडवलं" हे जे सगळे म्हणतात त्यातलं मला अर्धंच पटतं. 2010 च्या शेवटी स्क्रिलेक्स या अमेरिकन डीजेची ती गाजलेली रेकॉर्ड आली, 2012 ला त्याला तीन ग्रॅमी मिळाले, कॉर्न सारख्या मेटल बँडने 2011 ला अख्खा अल्बम त्या आवाजात केला, ब्रिटनी स्पिअर्सच्या गाण्यातही तो तुकडा आला, हे सगळं खरंय. पण कॅस्पा आणि रस्कोने फॅब्रिक क्लबसाठी केलेला मिक्स 2007 चा आहे, लंडनमधलाच, आणि त्यात ती गुरगुर भरपूर आहे. अहो, खुद्द डीएमझेडच्या कोकीने तसली अंगावर येणारी गाणी केलीत. स्क्रीम, बेंगा आणि आर्टवर्क यांनी मॅग्नेटिक मॅन म्हणून मोठ्या कंपनीकडून 2010 ला अल्बम काढला. म्हणजे दार आतूनच उघडलेलं होतं, स्क्रिलेक्स फक्त ट्रक घेऊन आला. पोरगा गुणी आहे, मला त्याचा राग येत नाही, त्याचं गाणं मला दहा मिनिटांच्या वर सहन होत नाही एवढंच.

मिरवण्याचंही सांगते, कारण ते मी पण केलंय. सुरुवातीला ही पोरं डबप्लेटवर वाजवायची, म्हणजे नवीन गाण्याची एकच तबकडी कापून घ्यायची, ती मऊ असते, काही डझन वेळा वाजवली की घासून जाते. ते गाणं ऐकायचं तर त्या रात्री त्या खोलीत हजर असायलाच लागायचं, आणि बाजारात ते कधीकधी वर्षाने यायचं. हार्ड डिस्कवरून ऐकणारे आपण तर त्या खोलीपासून सात हजार किलोमीटर लांब होतो, तरी आपल्याला वाटायचं की आपण आतले. तेव्हा वहिनींना सांगा, मिरवणं होतंच, पण खर्ज गेला हेही खरंच आहे.

प्रश्न: डबस्टेप, ग्राइम, गराज यात फरक काय? थोडक्यात सांगा. (नाशिक)

उत्तर: तिन्ही एकाच घरातले. गराज थोरलं, नटूनथटून नाचायला जाणारं. त्याच्या अंधाऱ्या खोल्यांतून दोन भावंडं निघाली, पूर्व लंडनमध्ये माइक हातात घेऊन भांडणारं ते ग्राइम, आणि दक्षिणेत तोंड मिटून कोपऱ्यात उभं राहिलेलं ते डबस्टेप. यापेक्षा जास्त विचारलंत तर भांडणं होतील.

प्रश्न: ताई, मी शिवोलीची. माझी आई नव्वदच्या दशकात हणजूणच्या पार्ट्यांना चटई आणि स्टोव्ह घेऊन चहा विकायला जायची, पहाटेपर्यंत. ती म्हणते तेव्हाचं म्युझिक वेगळं, आता काय ते नुसतं धाडधाड. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं रडगाणं. पण माझे मित्र पण म्हणतात गोवा ट्रान्स, म्हणजे त्या पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत, संपलं. खरंच संपलं का? आणि ते आमचं होतं तरी का?

उत्तर: तुमच्या आईंना आधी नमस्कार सांगा. त्या काळाबद्दल परदेशी लोकांनी जे जे लिहिलंय त्यात चहावाल्या बायका, त्यांच्या चटया आणि रॉकेलचे दिवे हमखास येतात, नाव मात्र कुणाचं नसतं. आईंनी स्पीकरपासून वीस पावलांवर बसून रात्रभर शुद्धीत ऐकलेलं आहे, आणि पार्टीतल्या किती जणांना शुद्ध असायची हे त्यांनाच विचारा.

"आमचं होतं का" याचं उत्तर जरा कडू आहे. नाव गोव्याचं, पण वाजवणारे गोवा गिलसारखे डीजे, तो मूळचा सॅन फ्रान्सिस्कोकडचा, 1970 ला आला आणि इथलाच झाला, 2023 ला गेला. गाणी बनायची लंडनला, इस्रायलमध्ये, जर्मनीत. लष्करातून सुटलेली इस्रायली पोरं इथे यायची आणि परत जाऊन तिकडे तेच करायची. उन्हात तबकड्या वाकड्या व्हायच्या म्हणून सगळं डॅट नावाच्या छोट्या कॅसेटवर चालायचं. गोवेकरांच्या वाट्याला चहा, मोटारसायकल, जनरेटर आणि झोपमोड.

संपलं का, तर एकदा नक्की संपलं होतं. 1994 च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या ब्रिटिश डीजेने बीबीसीवर गोवा मिक्स वाजवला, 1995 ला हॅलुसिनोजेन या नावाने गोवा ट्रान्स करणाऱ्याचा पहिला अल्बम आला, आणि मग लंडनच्या कंपन्यांनी कव्हरवर ॐ आणि गणपती छापून संकलनांच्या सीडीचा पाऊस पाडला. सगळी गाणी एकाच साच्यातली वाटायला लागली, 1997-98 नंतर ती लाट ओसरली, आणि जे उरलं ते सायट्रान्स म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ते आजही जोरात आहे, पोर्तुगालचा बूम महोत्सव 1997 पासून चाललाय. म्हणजे झाड तिकडे वाढतंय, इथे नुसतं नाव राहिलंय.

पण आई म्हणतात ते "वेगळं" म्हणजे काय, यावर मी बरेच दिवस विचार करतेय आणि मला वाटतं ते वेगळेपण गाण्यापेक्षा रात्रीत होतं. ती पार्टी म्हणजे एक अख्खी रात्र असायची. मध्यरात्रीनंतर काळोखी, घुसमटवणारी, भीती वाटावी अशी गाणी, आणि झुंजुमुंजू झालं की हळूहळू सुरावट मोकळी व्हायची, उजेडाची गाणी यायची. जाणकार लोक त्यांना मॉर्निंगची गाणी असंच म्हणतात. ते सकाळचं गाणं तुम्ही दुपारी चार वाजता गाडीत लावलंत तर ते गोडगोड आणि जरा बावळट वाटतं. रात्र काढलेल्या माणसालाच ते लागतं.

हे आपल्याला नवीन आहे का? मी नव्वदच्या दशकात बाबांबरोबर रमणबागेत सवाईला जायचे, शाल, थर्मास, वर्तमानपत्र अंथरून बसायचं, रात्रभर. दोन वाजता डुलकी लागायची, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी बसले की सगळं मैदान जागं. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला, सवाईच्या रात्री आखडल्या आणि पहाटेचे राग ऐकायला वेगळं सकाळचं सत्र लावावं लागलं. तमाशाच्या फडांचं रडगाणंही तेच आहे, वग रंगात यायची वेळ आणि बंद करायची वेळ एकच. आणि नेमका तोच नियम तुमच्याकडे. आता वागातोरला दुपारी चारला सुरू करून दहाला आवरतात. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही हं, लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असलेल्यांनी काय करायचं? तुमच्या गावातल्यांनी तर वर्षानुवर्षं सोसलंय. पण दहाला बंद होणाऱ्या पार्टीत पहाट येणारच नाही, आणि पहाट नाही तर डीजे काय करेल, सहाच्या सहा तास काळोख वाजवेल. आईंना जे धाडधाड वाटतं ते बहुतेक हेच.

आणखी एक, हे वाचून शास्त्रीय संगीतवाले मला मारतील: गोवा ट्रान्समध्ये जी सुरावट वारंवार भेटते तिला तिकडे फ्रिजियन म्हणतात, आणि तिचे स्वर म्हणजे सरळ आपला भैरवी थाट, रे ग ध नी कोमल. ती इथून उचलली असं मी म्हणणार नाही, तशी वळणं इस्रायली पोरांच्या घरच्या गाण्यांतही आहेत. पण मैफल संपताना भैरवी आणि पार्टी संपताना हे, एवढं मात्र जुळून आलंय.

सनबर्न या मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय, 2007 ला कांदोळीला सुरू झालं, 2016 ला आमच्या पुण्याजवळ केसनंदला आलं वगैरे. मी एकदा गेले होते. पाणी महाग, टॉयलेटची रांग लांब, आतषबाजी उत्तम. गाणी आठवत नाहीत.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, 19 वर्षांचा. तुम्ही सगळे म्हणता मजा गेली मजा गेली. मी गेमच्या व्हिडिओमधून स्क्रिलेक्स ऐकला आणि तिथून मागे मागे जात मालापर्यंत पोचलो. ग्रुपवर सांगितलं तर सगळ्यांनी उडवलं. मग आम्ही काय करायचं, जन्मच उशिरा झाला त्याला?

उत्तर: अरे, तू उलटा प्रवास करून बरोबर ठिकाणी पोचलास, उडवणाऱ्यांना सोड. आणि एक सांगते, ज्या खोलीच्या आठवणी सांगून ते लोक भाव खातात ती प्लास्टिक पीपल 2015 च्या सुरुवातीलाच बंद झाली. स्क्रीम आणि बेंगा तर त्याच्या आधीच कंटाळून हाउस, टेक्नोकडे वळले होते. म्हणजे ज्यांनी केलं ते पुढे गेले, आणि उडवणारे अजून दारात तिकीट तपासत उभे आहेत. दरम्यान माला अजून वाजवतोय, 140 मध्ये नवी पोरं नवी गाणी करतायत, फारसं कुणाचं लक्ष नाही म्हणून निवांतपणे. गर्दी पांगल्यावर भाजीवाला चांगली भाजी काढतो तसं चाललंय. तू बारीक आवाजात का होईना पण नीट हेडफोनवर ऐक, फोनच्या स्पीकरवर नको. आणि स्वतः बनवून बघ, सॉफ्टवेअर फुकटातलीही आहेत, स्क्रीम-बेंगा तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हा.

प्रश्न: तुमचा लेख वाचून बारा इंची सबवूफर घ्यायचा विचार आहे. दुसऱ्या मजल्यावर राहतो. घेऊ का? (डोंबिवली)

उत्तर: पहिल्या मजल्यावर कोण राहतं ते आधी कळवा.