रिपोर्ट नॉर्मल, मग हे असे का वागतात?

"मॅडम, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग डिमेन्शिया कसला? मुद्दाम करतात!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कधी येतंय याची वाटच बघते. कुणी नवऱ्याविषयी बोलतं, कुणी बायकोविषयी, कुणी मोठ्या भावाविषयी. तक्रार एकच: डोकं शाबूत आहे, पण माणूस कोरडा झालाय.

अशाच एका बाईंची ही हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. नवरा ५६ वर्षांचा. सासऱ्यांच्या अंत्यविधीत विनोद सांगत बसला, लिफ्टमध्ये अनोळखी बाईला वजन विचारलं. नैराश्याच्या गोळ्या घेऊन झाल्या, 'एकमेकांना वेळ द्या' हा सल्लाही पदरात पडला. नेहमीच्या स्मरणचाचणीत ३० पैकी २९ गुण.

"परवा मी रडत होते," बाई म्हणाल्या. "हे म्हणाले, सर्दी झालीय का? आणि टीव्हीचा आवाज वाढवला."

हे ऐकल्यावर मी २९ गुणांवर विसंबून फाईल मिटवत नाही. नात्यातली कुरबुर शोधण्याआधी मेंदूकडे बघावं, या मताची मी आहे आणि त्यावरून सहकाऱ्यांशी माझे वादही होतात. ती ३० गुणांची चाचणी तारीख-वार, शब्द, वजाबाकी विचारते. समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे ओळखता येतं का, हा प्रश्न तिच्यात नसतोच. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या ज्या प्रकारात वागणं बदलतं, त्यात झीज सुरू होते कपाळामागे आणि कानशिलांच्या आतल्या भागात. २०११ साली ठरलेल्या, या प्रकाराच्या निदानाच्या निकषांत सहा लक्षणं आहेत. सहानुभूती आटणं हे त्यातलं एक, आणि स्मरण तुलनेने टिकून असणं हाही निकषांचाच भाग. म्हणजे बाई ज्याला आजार नसल्याचा पुरावा समजत होत्या, तो या आजाराच्या चित्रात चपखल बसत होता.

मग मी त्यांच्या यजमानांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. हसरे चेहरे त्यांनी पटापट ओळखले. भेदरलेल्या चेहऱ्याला म्हणाले, "नॉर्मल आहे." दुःखी चेहऱ्याला, "दमलाय." पुढे काही छोट्या गोष्टी. खऱ्या चाचणीतली सांगत नाही, त्याच धाटणीची सांगते. ऑफिसात एकजण म्हणतो, "हा अहवाल कुणा अडाण्याने लिहिलाय?" आणि तो लिहिणारी समोरच बसलेली असते.

"अहवाल कुणी लिहिला?"

"तिने."

"त्याला ते माहीत होतं?"

"नसावं."

"कुणी बोलू नये असं काही बोललं?"

"छे. वाईट असेल तर सांगायलाच हवं."

"तिला काय वाटलं असेल?"

"काय वाटायचंय? सुधारेल."

गोष्ट अक्षरशः पाठ होती, फक्त ती दुखावली हे कुठे नव्हतंच. मला नेमकी ही फट हवी होती. गोष्टच लक्षात राहिली नसती, तर या उत्तरांना काही अर्थ उरला नसता.

यजमानांच्या संमतीने हे सगळं मी बाईंपुढे ठेवलं. त्या बराच वेळ त्या उत्तरांकडे बघत होत्या.

"म्हणजे मी रडते ते यांना दिसत नाही?"

"पाणी दिसतं. ते कशाचं, हे आपोआप कळत नाही."

"मग मी इतके दिवस भांडले कुणाशी?"

त्यांचा राग ओसरला आणि त्याजागी शोक आला. माझ्या अनुभवात हा टप्पा टाळता येत नाही आणि घाईने उरकताही येत नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडणं लोकांना विचित्र वाटतं. मी तेवढी मुभा देते.

एवढ्यावरून निदान होत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. नैराश्यात, इतर मानसिक आजारांतही चेहरे ओळखायला चुकतात. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, परक्या भाषेतली चाचणी यांनीही गुण घसरतात. म्हणून न्यूरॉलॉजिस्टची तपासणी, एमआरआय, लागलं तर पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग कमी काम करतोय ते दाखवणारा), आणि जवळच्या माणसाची साक्ष. ही साक्ष मी फार मोलाची मानते, कारण रुग्णाला स्वतःतला बदल बहुधा जाणवतच नाही. जन्मभर फटकळ असलेल्या माणसाला मात्र हे लेबल लावू नये. आधीचा माणूस कसा होता, हे विचारावंच लागतं. यांच्या बाबतीत तपासण्यांअंती न्यूरॉलॉजिस्टनेही तेच निदान केलं.

झीज थांबवणारं औषध आज नाही. वागण्यातली काही लक्षणं औषधांनी सौम्य होऊ शकतात. अल्झायमरच्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फायदा दिसत नाही, कधी चिडचिड वाढते. त्यामुळे बदलायचं ते घरच्यांनी. 'तुम्हाला कळत नाही का?' हा प्रश्न बंद करा. चेहरा जे सांगायचा ते तोंडाने सांगा, थेट आणि थोडक्यात: "मला वाईट वाटतंय. टीव्ही बंद करा, इथे बसा." बाईंना हे आधी अपमानास्पद वाटलं. जवळ बसणंही मागून घ्यायचं? पुढच्या खेपेला म्हणाल्या, "बसतात. का ते कळत नाही त्यांना, पण बसतात." त्यांना तेवढं पुरलं, सगळ्यांना पुरेलच असं नाही. शेजाऱ्यांना आजाराचं नाव सांगून टाका. पैशांचे व्यवहार, सह्या, बँकेचे पासवर्ड यांची व्यवस्था पहिल्या काही महिन्यांतच लावा, कारण फसवणाऱ्याचा हेतूही या माणसाला ओळखता येत नाही.

आणि मोबाईलवर चेहरे दाखवून घरी रोज परीक्षा घेऊ नका. सरावाने फोटो पाठ होतात आणि पुढे खऱ्या चाचणीचे गुण भरवशाचे राहत नाहीत.