एसी सर्किटमध्ये १३८ आणि १८४ व्होल्टची बेरीज २३० कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३० ओहमचा रेझिस्टर आणि ४० ओहम रिअॅक्टन्सची (रिअॅक्टन्स म्हणजे कॉइल किंवा कपॅसिटर एसीला करतात तो अडथळा) कॉइल सिरीजमध्ये जोडली आहे, सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पुस्तकातल्या उत्तरात रेझिस्टरवर १३८ व्होल्ट आणि कॉइलवर १८४ व्होल्ट दिलेत. बेरीज होते ३२२. मग हे वरचे ९२ व्होल्ट आले कुठून? एसीला ओहमचा नियम लागत नाही का?

लागतो. किर्कहॉफचाही (सिरीजमधल्या व्होल्टेजची बेरीज सप्लायइतकी, हा नियम) लागतो, अगदी क्षणाक्षणाला. घोळ आहे तो बेरजेत. १३८ आणि १८४ हे एकाच क्षणाचे आकडे नाहीत, म्हणून ते सरळ मिळवता येत नाहीत. एसीमध्ये ‘किती’ विचारलं की लगेच ‘केव्हा’ही विचारावं लागतं. फेज, इम्पिडन्स, पॉवर फॅक्टर ही सगळी मंडळी त्या ‘केव्हा’चाच हिशेब ठेवतात.

आधी २३० म्हणजे काय ते पाहू. ५० हर्ट्झच्या सप्लायचं व्होल्टेज २० मिलिसेकंदांत एक पूर्ण फेरी मारतं: शून्यावरून वर, परत शून्य, मग उलट्या दिशेने तितकंच, पुन्हा शून्य. त्याचं शिखर २३० ला नसतं, ३२५ च्या आसपास असतं. एका फेरीची सरासरी काढलीत तर शून्य येईल, पण हीटर तर तापतो. कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते आणि वर्ग कधी ऋण होत नाही. साइन लाटेच्या वर्गाची सरासरी शिखराच्या वर्गाच्या बरोबर निम्मी येते. तिचं वर्गमूळ काढलं की शिखर भागिले १.४१४, म्हणजे २३०. हीच आरएमएस किंमत. २३० व्होल्ट डीसीने हीटर जितका तापेल तितकाच या एसीने तापतो, एवढाच त्याचा अर्थ. (इलेक्ट्रॉन तारेतून धावत हीटरपर्यंत येतात असं चित्र डोक्यात असेल तर ते पुसून टाका. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर एसी वाहत असेल तर त्यांचं मागेपुढे सरकणं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही भरत नाही.)

रेझिस्टरचं वागणं सरळ आहे. ज्या क्षणी करंट जास्त, त्याच क्षणी त्याच्यावरचं व्होल्टेज जास्त. दोघं बरोबर चढतात, बरोबर उतरतात.

कॉइलला मात्र करंट किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तो किती वेगाने बदलतोय याच्याशी असतं. करंट बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र कॉइलमध्येच व्होल्टेज निर्माण करतं. फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवलं ते हेच. ते व्होल्टेज बदलाला विरोध करतं, हे पुढे लेन्झने सांगितलं. आता विचार करा, साइन लाट सगळ्यात वेगाने कुठे बदलते? झोक्याकडे पाहा: टोकाला तो क्षणभर थांबतो आणि मधून जाताना सर्वात वेगात असतो. करंटही शिखरावर क्षणभर बदलायचा थांबतो आणि शून्य ओलांडताना सर्वात वेगाने बदलतो. म्हणून करंट शून्य असताना कॉइलवरचं व्होल्टेज शिखरावर असतं आणि करंट शिखरावर असताना शून्यावर. व्होल्टेज पाव फेरी, म्हणजे ५ मिलिसेकंद, पुढे. ९० अंशांचा फेज फरक म्हणतात तो हा.

आता तुमचं गणित क्षणांमध्ये मांडू. आरएमएस करंट ४.६ अँपिअर, म्हणजे शिखर साधारण ६.५. त्यानुसार रेझिस्टरवरचं शिखर १९५ व्होल्ट आणि कॉइलवरचं २६०. दोन्ही शिखरं एकाच वेळी आली असती तर बेरीज ४५५ झाली असती. पण रेझिस्टरवर १९५ असतात तेव्हा कॉइलवर शून्य असतात, आणि कॉइलवर २६० असतात तेव्हा रेझिस्टरवर शून्य. बेरीज सर्वात मोठी होते ती करंटचं शिखर येण्याआधी जवळपास ३ मिलिसेकंद. त्या क्षणी रेझिस्टरवर ११७ आणि कॉइलवर २०८ असतात. एकूण ३२५, म्हणजे सप्लायचं शिखर. वरचे ९२ व्होल्ट कधी नव्हतेच.

प्रत्येक वेळी असं क्षण मोजत बसायला नको म्हणून भूमितीचा आधार घेतात. ९० अंशांनी मागेपुढे असलेल्या दोन लाटांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. १३८ चा वर्ग अधिक १८४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २३०. ओहमचंही तसंच: ३० आणि ४० मिळून ७० नाही, ५०. हा ५० ओहम म्हणजे इम्पिडन्स, आणि २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने १८९३ मध्ये हाच हिशेब कॉम्प्लेक्स संख्यांनी मांडून दाखवला, आणि कॅल्क्युलसची किचकट गणितं साध्या बीजगणितात उतरली. पुस्तकात दिसणारा ‘जे’, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, तो याच हिशेबातला. मला विचाराल तर त्रिकोण डोळ्यांसमोर दिसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

कपॅसिटर हा कॉइलचा उलटा भाऊ. त्याच्यावर व्होल्टेज साठायला आधी करंट यावा लागतो, म्हणून तिथे करंट पाव फेरी पुढे. फ्रिक्वेन्सी वाढली की कॉइलचा अडथळा वाढतो आणि कपॅसिटरचा कमी होतो.

सगळ्यात मजा पॉवरमध्ये आहे, आणि पुस्तकं नेमकी तिथेच घाई करतात. तुमच्या सर्किटमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर १०५८ येतात, पण उष्णता फक्त रेझिस्टरमध्ये तयार होते: ४.६ चा वर्ग गुणिले ३०, म्हणजे ६३५ वॅट. बाकीचं काही वाया जात नाही. कॉइल पाव फेरीत ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवते आणि पुढच्या पाव फेरीत जशीच्या तशी परत करते. ६३५ भागिले १०५८ म्हणजे ०.६, हा पॉवर फॅक्टर. पण ही ऊर्जेची ये-जा सप्लायच्या तारांमधूनच होते, करंट खरोखर ४.६ अँपिअर वाहतो, आणि त्या सगळ्या करंटने तारा तापतात.

त्यावर उपाय म्हणजे या जोडणीला पॅरललमध्ये साधारण ५१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कॉइल ऊर्जा मागते तेव्हा तो देतो, ती परत करते तेव्हा तो घेतो. ये-जा त्या दोघांतच मिटते आणि सप्लायकडून फक्त २.७६ अँपिअर यावे लागतात. रेझिस्टर पूर्वीइतकाच तापतो, पण तारांमधला तोटा करंटच्या वर्गाप्रमाणे घटून ३६ टक्क्यांवर येतो. कारखान्यातल्या इलेक्ट्रिक मोटर्सच्या पॅनेलवर कपॅसिटरची रांग दिसते ती यासाठी.

कपॅसिटर सिरीजमध्ये घातलात तर मात्र गोष्ट वेगळी. त्याचाही रिअॅक्टन्स ४० ओहम ठेवला, म्हणजे सुमारे ८० मायक्रोफॅरड, तर कॉइल आणि तो एकमेकांना पूर्ण खोडतात. उरतात फक्त ३० ओहम, करंट ७.६७ अँपिअर, आणि कॉइलवर व कपॅसिटरवर प्रत्येकी ३०७ व्होल्ट. सप्लायपेक्षाही जास्त! हा रेझोनन्स. यातही काही चमत्कार नाही, ती दोन व्होल्टेज दर क्षणी एकमेकांच्या विरुद्ध असतात. पण तुमचा हात त्यांतल्या एकालाच लागला तर ही वजाबाकी वाचवायला येत नाही.

म्हणून हे मोजून पाहायचंच असेल तर मेन्सवर नको, १२ व्होल्टच्या आयसोलेटेड (मेन्सशी थेट तारेने न जोडलेल्या) ट्रान्सफॉर्मरवर करा. प्रमाण तेच राहील: रेझिस्टरवर ७.२, कॉइलवर ९.६. प्रत्यक्षात आकडे थोडे हुकतील, कारण कॉइलच्या तारेलाही स्वतःचा रेझिस्टन्स असतो आणि त्यामुळे तिचा कोन पुरता ९० भरत नाही. मल्टिमीटरने कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजा, तो ३० मध्ये मिळवा आणि त्रिकोण पुन्हा काढा. लोखंडी गाभ्याची कॉइल असेल तर गाभ्यातल्या तोट्यामुळे तेव्हाही जरासा फरक उरेल.